४,२९,४९,६७,२९७ या संख्येचं प्रकरण

या प्रकरणातली संख्या दहा अंकी आहे. शब्दांत सांगायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ती मूळ आहे की संयुक्त, संयुक्त असेल तर तिचे अवयव कोणते, आणि गणितात संख्यांचे जे नाना वर्ग पाडले गेलेत त्यांतल्या कोणत्या वर्गांत ती बसते, एवढंच शोधायचं आहे. आज हे उत्तर फोनवर क्षणात मिळतं. तरी प्रकरण उघडून बघण्यासारखं आहे, कारण एका अव्वल गणितज्ञाने या संख्येबद्दल चुकीचं विधान केलं, ते ब्याण्णव वर्षं टिकलं, आणि ते खोडायला नीट निवडलेले पाच भागाकार पुरेसे होते.

अंकांकडे बघून

आधी शाळेतल्या कसोट्या. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. एक सोडून एक अंक घेऊन दोन बेरजा केल्या तर २१ आणि ३८ येतात, फरक १७, म्हणून ११ बाद. ७ आणि १३ ने भागून बघितलं तर बाकी अनुक्रमे ५ आणि १० उरते. लहान विभाजक कोणी सापडत नाही, आणि इथवर तरी संख्या मूळ असल्यासारखी वागते.

अंकांवरून ठरणारे आणखीही वर्ग आहेत. द. रा. कापरेकरांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटलं, त्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जातात. आपली संख्या ५९ ने भागली जात नाही, तेव्हा ती हर्षद नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करत गेलं की काही संख्या १ वर पोचतात, त्यांना आनंदी संख्या म्हणतात. आपली ४१७, ६६, ७२, ५३, ३४, २५, २९, ८५ अशी जात ८९ वर येते आणि तिथून सुरू होणाऱ्या चक्रात कायमची फिरत राहते, म्हणजे आनंदीही नाही.

ही माहिती खरी आहे, पण माझ्या मते हलकी आहे. ती संख्येपेक्षा संख्येच्या दशमान लेखनाबद्दल जास्त बोलते. लिहिण्याची पद्धत बदलली की यातलं बरंचसं वाहून जातं. मूळ असणं, विभाजक किती, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येणं, हे मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, तसंच राहतं.

म्हणून हीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहून बघू. सुरुवातीला १, मग एकतीस शून्यं, शेवटी १. दशमान अंकांखाली दडलेली रचना इथे उघडी पडते: ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. पुढे घातांक लिहिताना ^ ही खूण वापरतो, म्हणजे संख्या झाली २^३२ + १. (जाता जाता: ३२ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. आपली संख्या तिच्याहून दोनने मोठी. अशा जागेत ती कोंबली, तर वरचा बिट गळून हाती नुसता १ उरतो.)

फर्माचं विधान

३२ हा स्वतः २ चा घात आहे, आणि ते सहज घडलेलं नाही. २ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर घातांकाला १ सोडून कोणताही विषम विभाजक असून चालत नाही. उदाहरणार्थ ६ या घातांकात ३ हा विषम विभाजक आहे, म्हणून २^६ + १ = ६५ ला २^२ + १ = ५ ने भाग जातोच. मग उरतात १, २, ४, ८, १६, ३२ असे घातांक. त्यांतून मिळणाऱ्या पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. या पाचही मूळ आहेत. सहावी आपली. मोजणी शून्यापासून करायची पद्धत असल्यामुळे तिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात.

१६४० साली फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्माने फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात या मालिकेतल्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं मत मांडलं. पूर्ण सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, पण पुष्कळ विभाजक आपण खात्रीने वगळले आहेत असंही सांगितलं. इथे चक्रावून जायला होतं. त्याच १६४० साली त्याने २^३७ − १ ही संख्या, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१, मूळ नाही हे दाखवलं होतं. तिचा विभाजक ७४ च्या पटीहून एकने मोठा असला पाहिजे हे त्याला ठाऊक होतं. मग ७५ आणि १४९ मागे टाकून तिसऱ्याच उमेदवारावर, २२३ वर, तो थांबला. ही संख्या आपल्या संख्येच्या तीस पटींहून मोठी. हत्यार तेच, हात तोच, आणि लहान संख्या मात्र निसटली. बहुधा कुठेतरी भागाकार चुकला असेल. पाच सलग मूळ संख्या पाहिल्यावर सहाव्या वेळी माणूस कमी बारकाईने भागतो, असा माझा अंदाज, पण त्याला पुरावा नाही.

पहिली खरी कसोटी, आणि ती का फसते

फर्माचाच दुसरा निष्कर्ष असा: प ही मूळ संख्या असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. उलट दिशेने ही कसोटी म्हणून वापरतात. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर संशयाचा फायदा.

आपल्या संख्येला न म्हणू आणि २ घेऊन कसोटी लावू. २^३२ हे न पेक्षा एकने कमी, म्हणजे बाकी वजा १. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता न − १ म्हणजे २^३२, आणि हा ६४ च्या पटीत आहे. म्हणून २ च्या (न − १) व्या घाताची बाकीही १. कसोटी पार.

इथे थांबणारा माणूस न ला मूळ म्हणून मोकळा होईल. पण वरचा हिशेब पुन्हा वाचा: त्यात न मूळ आहे की नाही याचा कुठे संबंधच आला नाही. फक्त रचना वापरली. हाच युक्तिवाद मालिकेतल्या प्रत्येक संख्येला लागू पडतो, म्हणजे २ घेऊन केलेली ही कसोटी या कुळातल्या कोणालाच कधी नापास करू शकत नाही. अशी परीक्षा घेणं आणि न घेणं सारखंच. मूळ नसूनही २ च्या कसोटीला उतरणाऱ्या संख्यांना छद्म मूळ संख्या म्हणतात. त्यांतली सर्वांत लहान ३४१ = ११ × ३१. आपली संख्या त्याच वर्गात जाते. या कसोटीचं जे कडक रूप आज संगणकात मिलर-राबिन या नावाने वापरलं जातं, त्यालाही ती २ च्या बाबतीत गुंगारा देते.

२ ऐवजी ३ घेतला की सोंग उतरतं. ३ चा (न − १) वा घात काढायचा म्हणजे ३ चा बत्तीस वेळा वर्ग करायचा आणि प्रत्येक वेळी न ने भागून बाकी ठेवायची. शेवटी १ यायला हवा होता, येतात ३,०२,९०,२६,१६०. संख्या संयुक्त आहे हे इथेच सिद्ध झालं, आणि तेही तिचा एकही विभाजक न सापडता. शिवाय कोणतीही सहमूळ (१ सोडून समाईक विभाजक नसलेली) संख्या घेतली तरी कसोटीला उतरणाऱ्या ज्या कारमायकल संख्या, त्यांत ती बसत नाही हेही यातून कळलं.

६४१

आता विभाजक. समजा प हा न चा मूळ विभाजक आहे. मग प ने भागल्यावरही २^३२ ची बाकी वजा १ आणि २^६४ ची १. म्हणजे २ चे घात घेत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा येते ती बरोबर ६४ व्या घाताला, त्याआधी नाही. पण फर्माच्या नियमाप्रमाणे (प − १) व्या घातालाही बाकी १ असते. म्हणून प − १ हा ६४ च्या पटीतच हवा. जी रचना २ च्या कसोटीला आंधळं करत होती, तीच विभाजकांना एवढ्या अरुंद वाटेवर आणून सोडते.

६४ च्या पटीहून एकने मोठ्या संख्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचव्याने जातो:

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

१७२९ च्या डिसेंबरमध्ये गणितज्ञ गोल्डबाखने पत्राच्या ताज्या कलमात तरुण गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरला फर्माच्या या विधानाबद्दल विचारलं. ऑयलरने १७३२ साली ६४१ हा विभाजक मांडला, आणि विभाजकांचं ६४ च्या पटींशी असलेलं नातं पुढच्या एका लेखात सविस्तर सिद्ध केलं. १८७८ मध्ये ल्युकाने वाट आणखी अरुंद केली: ६४ नव्हे, १२८ च्या पटी. मग ६४१ च्या आधी एकच मूळ उमेदवार उरतो, २५७. आणि २५७ ही स्वतःच फर्मा संख्या आहे. कोणत्याही दोन फर्मा संख्या एकमेकींशी सहमूळ असतात, म्हणून तीही बाद. थोडक्यात पहिलाच खरा भागाकार लागू पडतो.

भागाकार न करताही ६४१ ची खात्री पटवता येते, आणि ही सिद्धता मला मूळ शोधापेक्षाही देखणी वाटते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो: ५ × २^७ + १, आणि ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी वजा १, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, ५^४ × २^२८ ची, बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी वजा २^४ ठेवता येतो. तो ठेवला की वजा २^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. संपलं.

हा सगळा विचार बाजूला ठेवून कोणी २, ३, ५, ७ असं ओळीने भागत गेला असता तरी? न चं वर्गमूळ ६५,५३६ च्या आसपास, आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. आकडा घाबरवणारा आहे खरा. पण ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. एका दिवसाच्या कामात आंधळा शोधही तिथे पोचला असता.

उरलेला तुकडा

६७,००,४१७ मूळ आहे का? हा प्रश्न अनेक जण विसरतात आणि अवयव पडल्याच्या आनंदात पुढे जातात. तो सोडवायला वरचाच नियम कामी येतो, कारण या तुकड्याचा विभाजक हा न चाही विभाजक. वर्गमूळ २,५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत १२८ च्या पटीहून एकने मोठ्या असलेल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. भागल्यावर बाक्या येतात १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ.

अवयव हाती आले की एरवी कठीण वाटणारे बरेच वर्ग लगेच ठरतात. न ला दोनच मूळ अवयव, म्हणून ती अर्धमूळ. दोन्ही वेगळे, म्हणून कोणत्याही वर्गसंख्येने (१ सोडून) न भागली जाणारी. विभाजक चार. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज १ + ६४१ + ६७,००,४१७ = ६७,०१,०५९, म्हणजे संख्येच्या साधारण सहाशे एकेचाळिसाव्या भागाएवढी. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच भरते, विपुल संख्येत जास्त. आपली संख्या न्यून आहे, आणि थोडीथोडकी नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०.

दोन वर्गांची बेरीज

न चं एक रूप उघड आहे: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात फार तर एकाच प्रकारे लिहिता येते, हे ऑयलरने दाखवलं. म्हणजे दुसरा प्रकार सापडला तर संख्या संयुक्त, आणखी काही बघायला नको. तो प्रकार आहे:

६२,२६४ चा वर्ग + २०,४४९ चा वर्ग

पडताळा घ्या: ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७. हे आकडे कुठून आले? ६४१ = २५² + ४², आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन प्रकारे मांडता येतो. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६. यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. दुसऱ्या बाजूला २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. वजाबाकी १, बेरीज २०,४४९. उघड दिसणाऱ्या रूपातला तो एकुलता १ हा १०,२२५ आणि १०,२२४ यांच्यातला फरक होता. कागदावर स्वतः करून पाहावं असं या प्रकरणात काही असेल तर हेच. भरीला २०,४४९ स्वतःही १४३ चा वर्ग निघतो, त्याचा पुढे काही उपयोग नसला तरी.

शेजारच्या दोन संख्या

न ची जागा पाहिली तर एक गमतीदार विरोध दिसतो. पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार करा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. बरोबर न पेक्षा दोनने कमी. हे नेहमीच घडतं: आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार पुढचीपेक्षा दोनने कमी असतो. दोन फर्मा संख्यांना समाईक विभाजक असता तर त्याने २ लाही भाग गेला असता, आणि सगळ्या तर विषम. वर वापरलेलं सहमूळपण इथून आलं.

१७९६ मध्ये गाउसने केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे शोधलं. पुढे १८०१ च्या ग्रंथात त्याने सर्वसाधारण नियम दिला आणि उलट बाजूची सिद्धता वांत्झेलने १८३७ मध्ये पुरी केली: बाजूंची संख्या २ चा घात, किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार, किंवा या दोहोंचा गुणाकार असेल तरच असा बहुभुज काढता येतो. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा काढता येतो. ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचा काढता येतो, कारण ही संख्या नुसती २^३२. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा काढता येत नाही. ती मूळ असती तर सलग तिन्ही जमले असते. विषम बाजूंच्या ज्या बहुभुजांची रचना शक्य आहे असं आज माहीत आहे, त्यांतला सर्वांत जास्त बाजूंचा अजूनही तो ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचाच, कारण पाचांनंतर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही.

मालिकेतल्या पुढच्यांचं काय

३ घेऊन केलेल्या कसोटीला १८७७ मध्ये पेपँने नेमकं रूप दिलं. ३ चा एकतीस वेळा वर्ग करा. बाकी वजा १ आली, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ आली, तर न मूळ, नाहीतर संयुक्त. दोन्ही दिशांनी पक्का निकाल, संशयाचा फायदा वगैरे नाही. न च्या बाबतीत बाकी येते १,०३,२४,३०३. पुढच्या संख्यांना हीच कसोटी लागते, फक्त वर्गांची संख्या मालिकेत प्रत्येक पायरीला जवळपास दुप्पट होते.

विभाजक शोधण्याच्या बाबतीत मात्र न हे प्रकरण फारच सोपं होतं. पुढची, २^६४ + १, वीस अंकी आहे आणि तिचा लहान अवयव २,७४,१७७. ल्युकाच्या वाटेने (इथे २५६ च्या पटींनी) तो १,०७१ व्या जागी येतो, न मध्ये ६४१ पाचव्या जागी होता. लांद्रीने १८८० मध्ये तो जाहीर केला. शून्यापासून मोजलेल्या क्रमांकाने ५ पासून ३२ पर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त असल्याचं आज सिद्ध झालं आहे. २० वी आणि २४ वी या दोघींचा मात्र एकही अवयव कोणाला माहीत नाही. तिथे निकाल पेपँच्या कसोटीनेच लागला. ३३ व्या संख्येत सुमारे २५८ कोटी अंक आहेत, आणि ती मूळ की संयुक्त हे अजून ठरलेलं नाही.